ओसाकातले चार तास

सहा महिने अमेरिकेत, सनीव्हेलला माझ्याकडे राहून बाबा परत पुण्याला निघाले होते. मी त्यांना पोचवायला जाणार होते. तिकिटं काढताना ते म्हणाले, "वाटेत जपान लागतं ना? मग दोन दिवस उतरू की. मस्त पायी हिंडू." आई गेल्यापासून त्यांनी कशाचाच हट्ट धरला नव्हता. मी लगेच ओसाका बुक केलं.

बाबा मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. उभा जन्म रानोमाळ पायपीट करण्यात गेलेला माणूस. सनीव्हेलला मी दिवसभर कामात, आणि ते रिकाम्या फुटपाथवरून एकटेच फेऱ्या मारायचे. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना दोनदा घरी आणून सोडलं होतं. "अगं, काका भलत्याच बिल्डिंगचं दार उघडत होते," त्या मला पार्किंगमध्ये म्हणाल्या. "काकू, सगळ्या बिल्डिंग्ज सारख्याच दिसतात हो," असं म्हणून मी मोकळी झाले. माझी मीटिंग सुरू होणार होती.

ओसाकात पहिल्या दिवशी बाबा तरतरीत होते. किल्ल्याच्या खंदकाकाठी त्यांनी पावलं मोजली, दगड किती मोठे आहेत ते हात पसरून दाखवलं. पाय माझे दुखले, त्यांचे नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका बाजारपेठेत शिरलो. वर छप्पर, दोन्ही बाजूंना दुकानं, आणि संपता न संपणारा सरळ रस्ता. तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. काहीतरी बंद पडलं होतं आणि ते परत कसं चालू करायचं हे फक्त मलाच ठाऊक होतं.

"बाबा, पाचच मिनिटं. इथेच थांबा."

"थांबतो की," ते म्हणाले.

मी एका कानात बोट घालून भिंतीकडे तोंड करून बोलत राहिले. फोन ठेवून वळले तर लोणच्यांची पिंपं होती, औषधांचं दुकान होतं, सायकलवरून जाणाऱ्या बायका होत्या. बाबा नव्हते.

आधी मला रागच आला. मग मी चालायला लागले, मग पळायला. त्यांच्या फोनला तिथे रेंज नव्हती, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. हॉटेलचं नाव त्यांना सांगता आलं नसतं. दर चौकात छपराबाहेर चार-चार गल्ल्या फुटत होत्या. एका गल्लीत शिरले की वाटायचं, ते आत्ता दुसरीतून गेले असतील. "बाबा!" अशी हाक मारली की माणसं दचकून बघायची आणि नम्रपणे वाट करून द्यायची. त्या नम्रपणाचाही संताप येत होता मला. जिथून निघाले तिथे मी तीनदा परत आले.

शेवटी एका बाईने हाताला धरून मला पोलीस चौकीत नेलं. आत दोन तरुण पोलीस. त्यातल्या एकाने भाषांतर करणारा फोन माझ्यापुढे धरला. वय? उंची? मी सांगितलं. अंगात काय कपडे होते?

मला आठवेना. सकाळपासून मी त्यांच्या शेजारी चालत होते, आणि स्वेटर निळा की राखाडी ते मला सांगता येईना. "फोटो?" त्याने विचारलं. मी मोबाईल उघडला. आदल्या दिवसापासूनचे दीडशे फोटो होते: किल्ला, नूडल्स, दिवे, माझे सेल्फी. त्यात बाबा एकाही फोटोत नव्हते. एका सेल्फीच्या कडेला फक्त खांदा आला होता. राखाडी. तो खांदा मोठा करून मी पोलिसाला दाखवला आणि मला तिथेच रडू फुटलं. बाहेर अंधारून येत होतं. पार्किंगमधलं काकूंचं बोलणं डोक्यात घुमत होतं. त्या अजून काहीतरी सांगणार होत्या आणि मी ऐकून घेतलं नव्हतं.

संध्याकाळी सहाच्या सुमारास दुसऱ्या चौकीतून फोन आला. पोलीस मला नदीपलीकडे घेऊन गेला. चटया विणणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात बाबा बूट काढून, मांडी घालून बसले होते. पुढ्यात चहा. हाताच्या वितीने ते एका चटईची रुंदी मोजत होते आणि कारागीर मन लावून बघत होता.

"बाबा!" मी खाली बसून त्यांचे हात धरले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच हात सोडवून घेतले. "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? माझी मुलगी येईलच आता न्यायला. ती अमेरिकेत असते."

कारागिराला भाषा कळत नव्हती, पण त्याने मान खाली घातली. मिनिटभराने बाबांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "अगं, कुठे होतीस तू? घसा किती कोरडा पडलाय तुझा," म्हणत त्यांनी स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला.

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर तपासण्या केल्या आणि म्हणाले, "हे किमान दीड-दोन वर्षांपासून असणार. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" पुण्यात राहणारा माझा भाऊ माझ्याकडे बघायला लागला. शेवटचे सहा महिने ते माझ्या घरात होते.

आता बाबा भावाकडे असतात. मी रविवारी व्हिडिओ कॉल करते. कधी ओळखतात, कधी नाही. नोकरी सोडून जावं, तर व्हिसा जातो, आणि गेले तरी मी त्यांना किती दिवस आठवेन, ठाऊक नाही. परवा भावाने विचारलं, "बाबा, ही कोण?" ते स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बिचारी फार दमलेली दिसते. बसायला सांग तिला."