आण्णांनी सांगितलेली खाच

२००५ सालच्या मे महिन्यात, एका गुरुवारी दुपारी सव्वातीनच्या सुमारास, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका एडिटिंग रूममध्ये, दृष्टी गेलेल्या एका माणसाने आम्हाला कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची एक खूण दाखवली. ती खूण त्याने कधी पाहिलेली नव्हती. पाहणं शक्यही नव्हतं... त्याची नजर गेली २००३ मध्ये, आणि ती ज्यात उमटली ते एडिटिंगचं सॉफ्टवेअर आमच्याकडे येऊन जेमतेम दहा दिवस झाले होते.

मी तिथे हजर होतो. माझ्याशिवाय दोघीजणी होत्या. जे स्वतः पाहिलं आणि जे नंतर तपासून घेतलं, तेवढंच लिहितो.

अशा गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आठ वर्षं दैनिकात बातमीदारी केली. त्या काळात भुताटकीच्या तीन बातम्या करायला पाठवलं होतं. तिन्ही ठिकाणी शेवटी माणूसच सापडला. त्यामुळे या सदरातले अनुभव मी वाचायचो ते करमणूक म्हणून.

दैनिक सोडल्यावर मी केबलवरच्या एका स्थानिक बातमीपत्राचं काम पाहू लागलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्याच मशीनवर संध्याकाळी सातचं बातमीपत्र तयार व्हायचं आणि उरलेल्या वेळात लग्नाच्या कॅसेटी. लग्नांवरच घर चालायचं, हे मालक रोज सांगायचे.

एडिटर होते शिवाप्पा आण्णा. मूळचे हुपरीचे. घरात भाऊ चांदीची पैंजणं घडवायचे, आण्णांचा हात मात्र या कामात बसला. दोन व्हीसीआर जोडून त्यांनी १९९४ मध्ये सुरुवात केली. कॉम्प्युटर आला तेव्हा चाळिशी उलटलेली, तरी महिन्याभरात कीबोर्डकडे न बघता काम करू लागले. टेप मागे फिरवताना नुसत्या आवाजावरून ते हवी ती जागा पकडायचे. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. दहापैकी नऊ वेळा एका सेकंदाच्या आत.

त्यांचा एक नियम होता. लग्नाच्या कॅसेटवर गाणी घालायची तेव्हा पद्धत होती. वरातीवर एक, जेवणावळीवर एक, पाठवणीवर एक... गिऱ्हाईक तेच मागायचं. त्याखाली माणसांचे खरे आवाज बंद करावे लागायचे. बाकीचे एडिटर ते पुसून टाकत, डिस्कवर जागा होते म्हणून. आण्णा पुसायचे नाहीत. दुसऱ्या पट्टीवर सरकवून शून्यावर ठेवायचे. "झाकायचं, पुसायचं न्हाय," असं ते शिकाऊ मुलांना सांगत. मालक जागेवरून कुरकुर करायचे. आण्णा ऐकून घ्यायचे आणि स्वतःच्या पैशाने डिस्क आणायचे.

साखरेने त्यांची नजर गेली. २००३ च्या अखेरीस फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी नंतर भेटलो, त्यांनीही हेच सांगितलं. आण्णा हुपरीला भावाकडे राहायला गेले. त्यांच्या खुर्चीत वैशाली बसली, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. सणावाराला ते यायचे, तिच्या मागे बसायचे आणि नुसतं ऐकून म्हणायचे, "वैशे, कट दोन फ्रेम उशिरा पडला." ती मोजायची. दोनच असायच्या.

आता सॉफ्टवेअरचं. मेच्या सुरुवातीला पुण्याच्या डीलरने नवी आवृत्ती बसवून दिली. जुन्या आवृत्तीत सगळी बटणं समोर मांडलेली होती, किराणा दुकानातल्या बरण्यांसारखी. नवीन उघडल्यावर स्क्रीन राखाडी आणि रिकामी. बटणं होती, पण लपलेली. काही माऊस नेला की दिसायची, काही मेनूच्या पोटातल्या मेनूत. पहिल्या दिवशी नेहमीच्या तीन मिनिटांच्या बातमीला वैशालीला पावणेदोन तास लागले. तिने डीलरला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"मॅडम, नव्या डिझाइनमध्ये स्क्रीन मोकळी ठेवलीय. काम सोपं व्हावं म्हणून."

"मोकळी? ओसाड म्हणा की. आवाज कमी करायचं बटण कुठंय तेवढं सांगा."

"ते तुम्हाला लागेल तेव्हा दिसेल."

"लागतंय म्हणून तर फोन केलोय न्हवं."

त्या गुरुवारी सकाळी अकराला सुजाता आली. वय अठ्ठावीस-तीस, हातकणंगल्याची, सरकारी दवाखान्यात नर्स. २००१ मध्ये तिच्या लग्नाची कॅसेट आमच्याकडेच झाली होती. त्याच कॅसेटवरून करून घेतलेली सीडी तिने सोबत आणली होती, ती लावायला सांगितली. बुद्धविहारातलं लग्न. जयमंगल अष्टगाथा होते, आणि मग निळा सदरा घातलेले एक गृहस्थ माईक हातात घेऊन पुढे येतात.

"हे आमचे बाबा. प्राथमिक शिक्षक होते. माझ्या लग्नाला त्यांनी स्वतः गाणं रचलं होतं."

पडद्यावर गुरुजी गात होते. आवाज मात्र कुठल्यातरी सिनेमातल्या गाण्याचा. ओठ हलत होते, हात वर जात होता, समोरच्या बायका डोळे पुसत होत्या, आणि वर ढोलक वाजत होती.

"बाबा गेल्या वर्षी गेले," सुजाता म्हणाली. "धाकटीला त्यांनी शब्द दिला होता, तुझ्या लग्नातही म्हणेन म्हणून. येत्या रविवारी तिचं लग्न आहे. गाणं कागदावर लिहून ठेवलेलं नाही. आईला दोनच ओळी आठवतात. मला बाबांचा आवाज पाहिजे. मिळेल का?"

वैशालीने मूळ टेपची वही पाहिली. टेप त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या लग्नाला पुन्हा वापरली होती. तेव्हा सगळेच वापरत. पण त्या लग्नाचं काम आण्णांचं, म्हणजे डिस्क असणार. लोखंडी कपाटात सापडलीही. वर चिकटपट्टी, त्यावर आण्णांच्या अक्षरात आडनाव आणि "गुरुजींचं गाणं खाली".

डिस्क जोडली. नव्या आवृत्तीने जुनं काम उघडलं. चित्र आलं, सिनेमाचं गाणं आलं. दुसरी आवाजाची पट्टी आली नाही. त्या यंत्रणेत साठवलेला आवाज बाहेरच्या कुठल्याच प्लेअरवर वाजत नसे आणि जुनी आवृत्ती डीलर काढून घेऊन गेला होता. वैशालीने प्रत्येक मेनू उघडला. एक वाजला. डीलरचा फोन लागेना. साडेतीनला लाईट जायची होती, भारनियमनाचं वेळापत्रक भिंतीवरच होतं, आणि आमचा यूपीएस फार तर दहा मिनिटं टिकायचा. त्यानंतर बातमीपत्र, आणि शुक्रवारी-शनिवारी मशीन दुसऱ्या तीन लग्नांना दिलेलं.

सुजाता कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. चहा घेतला नव्हता.

मी हुपरीला फोन लावला. आण्णाच बोलले. मी एवढंच सांगितलं की २००१ च्या एका लग्नातला आवाज सापडत नाही. त्यांनी विचारलं,

"निळा सदरा? मास्तर?"

"हो."

"ते मीच झाकलतं. पोरीच्या सासरकडनं निरोप आलता, तिथं गाणं घाला म्हणून. चांगलं म्हणत हुतं मास्तर... मी येतो. ष्ट्यांडवर न्याला ये."

पावणेतीनला ते एसटीतून उतरले. हातात काठी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. स्कूटरवर मागे बसवून आणलं. वाटेत सॉफ्टवेअरबद्दल मी काही बोललो नाही, कारण मलाच त्यातलं काही समजलेलं नव्हतं. जिना चढून आले तेव्हा तीन वाजले होते.

सुजाता उठून उभी राहिली. आण्णांनी तिच्या दिशेला हात जोडले.

"बाई, तुमच्या वडलांच्या गाण्यावर मी ढोलक घातली. चुकलं माझं."

"काका, आमच्याच घरच्यांनी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"सांगतील की. एडिटर मी हुतो."

ते वैशालीच्या मागे नेहमीच्या जागी बसले. काय दिसतंय ते तिला विचारलं. तिने सांगितलं: वर चित्र, खाली चित्राची पट्टी, तिच्याखाली गाण्याची पट्टी, त्याखाली काळी रेघ, बाकी सगळं रिकामं.

"बटणं?"

"एकबी न्हाय, आण्णा. घर रंगवाय काढल्यागत सगळं उचलून ठेवल्यात. सकाळपास्नं बघतोय मी."

आण्णा हसले. मग मान किंचित खाली घालून बसले, टेपचा आवाज ऐकताना बसायचे तसे. साधारण एक मिनिट गेलं असेल. पुढचं बोलणं मी त्याच संध्याकाळी वहीत उतरवलं. शब्द तेच आहेत.

"काळी रेघ म्हणालीस ती. तिच्या डाव्या टोकापास्नं दोन बोटं आत ये. तितं नखाएवढी खाच हाय."

"न्हाय, आण्णा. रेघ सरळ हाय."

"तपकिरी हाय. माऊस ने तितं. दाबू नको. नुसता थांबव आणि पाच मोज."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. माऊस नेला, थांबवला. मोठ्याने मोजू लागली. चारपर्यंत काहीच झालं नाही. पाच म्हणताना रेघेवर, बाणाच्या टोकाखाली, एक छोटी खाच उमटली. रंग तपकिरी. त्या सबंध स्क्रीनवर दुसरं काहीही तपकिरी नव्हतं.

"आता धर आणि खाली वड. हळू."

तिने ओढलं. रेघ खाली आली आणि तिच्यामागून दुसरी आवाजाची पट्टी उघडली. बाजूला आवाजाची दांडी, शून्यावर. आण्णांनी २००१ मध्ये ठेवली होती तशी.

वैशालीने गाणं बंद केलं आणि दांडी वर नेली.

आधी माईकची खरखर. मग एक मूल रडलं, कुणीतरी त्याला गप्प केलं, भांडं पडलं. आणि गुरुजींचा आवाज, थोडा घोगरा, वर्गात कविता म्हणावी तसा:

"जा लेकी, जा सुखाने, मागे वळून बघू नको,
पुस्तक तेवढं बरोबर ने, ते कुणाला देऊ नको..."

सुजाता खाली बसली. स्टुलावर नाही, फरशीवर.

"कॅसेटवर घ्या," आण्णा म्हणाले. "बाई नंतर रडतील. लाईट जायच्या आत घ्या."

फाईल बाहेर काढायचं बटण कुठे लपलंय ते शोधण्यात अर्थ नव्हता. वैशालीने मिक्सरमधून वायर काढून साध्या ऑडिओ डेकला जोडली, गाणं पहिल्यापासून लावलं आणि कोरी कॅसेट भरली. ती पूर्ण झाली तेव्हा तीन वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. साडेतीनला लाईट गेली.

अंधाऱ्या खोलीत मी आण्णांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"दिसलं म्हणून न्हाय सांगितलं. मला काय दिसतंय? हात तितं जातोय असं वाटलं."

"पण तपकिरी?"

"तपकिरी म्हणालो व्हय मी?"

वैशाली म्हणाली, "म्हणालासा की." आण्णांनी काठी चाचपून हातात घेतली.

रविवारी हातकणंगल्याच्या हॉलमध्ये, अष्टगाथेनंतर, बारा वाजून चाळीस मिनिटांनी कॅसेट लावली. सुजाताने बोलावलं म्हणून आण्णा आणि मी गेलो होतो. वाजंत्रीवाल्यांनी आपणहून वाद्यं खाली ठेवली. धाकटी मान वर करून, स्पीकरकडे बघत उभी होती. गाणं संपल्यावर तिच्या आईने आण्णांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी डीलरचा इंजिनिअर आला. वैशालीने काळ्या रेघेवर माऊस ठेवून पाच मोजले. दहा मोजले. खाच उमटली नाही. दोन बोटं, तीन बोटं, पुरी रेघ फिरून झाली. इंजिनिअरने पुण्याला फोन करून विचारलं आणि आम्हाला सांगितलं की या आवृत्तीत अशी खूण कुठेच नाही. जास्तीच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवायचा पर्याय मेनूत तीन पायऱ्या आत होता, तो त्याने उघडून दाखवला. मग जुनी डिस्क जोडली. पट्टी आली, पण कोरी. जुन्या कामातली दुसरी पट्टी नव्या आवृत्तीत घेतलीच जात नाही, असं तो म्हणाला.

"मग आम्ही ऐकलं ते काय?" वैशालीने विचारलं.

"तुम्ही जुन्या आवृत्तीत ऐकलं असेल, मॅडम."

जुनी आवृत्ती त्याच्याच बॅगेत होती.

शक्य होतं तेवढं मी तपासलं. हुपरीच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. ती आवृत्ती कोल्हापुरात तोवर दुसऱ्या कुणाकडे दिलेली नव्हती, असं डीलरने सांगितलं. सोबतच्या पुस्तिकेची सगळी पानं मी वाचली. खाच नाही, तपकिरी रंग नाही. आण्णा आधी कुणाशी त्याबद्दल बोलले असतील, असा एकही माणूस सापडला नाही. वैशालीला आणि सुजाताला मी वेगवेगळं विचारलं. दोघींनी पाच आकडा सांगितला, रंगही तोच. स्पष्टीकरण मला त्या वेळी मिळालं नाही आणि आजही माझ्याकडे नाही.

आण्णा २००८ मध्ये वारले. मशीन त्याआधीच भंगारात गेलं. डिस्क वैशालीने ठेवून घेतली आहे.

कॅसेट सुजाताकडे आहे. गेल्या वर्षी हातकणंगल्याला तिच्या घरी ती मी पुन्हा ऐकली. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद. मूल रडतं, भांडं पडतं, आणि मग गुरुजी चारही कडवी म्हणतात.