हळद-कुंकवाचे प्लग

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नगरबाहेर, मनमाड रस्त्यावरच्या एका कारखान्यात तीनचाकी टेम्पो तपासायच्या विभागात कामाला होतो. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि टेम्पो होऊन बाहेर पडायचे. ते आपल्या पायांनी चालतात की नाही, हे आम्ही बघत असू.

मी तेव्हा टेंपररी होतो. राहात्याचे एक धान्याचे व्यापारी मला मुलगी द्यायला तयार होते, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी कायम व्हा, मग बोलू."

आमच्याकडे तपासणीची तीन यंत्रं होती. एक ब्रेक बघायचं, एक वेग आणि एक दिवे. तिन्हींच्या वायरी भिंतीवरच्या एका फळीला जायच्या आणि तिथल्या तीन तबकड्यांवर काटे हलायचे. पण एक यंत्र विलायती, दुसरं जर्मन आणि तिसरं नगरच्या माळीवाड्यातलं, त्यामुळे तिघांचे प्लग तीन तऱ्हेचे. एखादा प्लग तुटला की तसा दुसरा नगरात मिळत नसे. मग आम्ही उघड्या वायरी भोकात घालून काडेपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवायचो. गाड्या पास होत होत्या. कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार फक्त आमच्या साहेबांची होती. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं, की सगळ्या यंत्रांची जोडणी एकसारखी हवी. लगेच 'जोडणी एकसूत्रीकरण समिती' स्थापन झाली. अध्यक्ष ते, सदस्य मी. समितीच्या बैठकीत अध्यक्ष बोलत आणि सदस्य चहा आणत. ठराव झाला: तिन्ही प्लग एकाच मापाचे. ओळखायला ब्रेकला लाल पट्टा, वेगाला पिवळा, दिव्यांना पांढरा.

"हे जमलं," साहेब म्हणाले, "की तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी स्वतः करतो."

नवे प्लग बसले. ते बघायला पुण्याहून बडे साहेब येणार होते. दिवस ठरला खंडेनवमीचा. आता खंडेनवमीला कारखान्यात काय होतं, हे समितीच्या ध्यानात यायला हवं होतं.

सकाळी सगळ्यांनी यंत्रं उघडून पुसली, प्लग काढून ओळीनं पाटावर मांडले. मग पूजा. तेलकट बोटांनी जो येईल तो हळद-कुंकू लावून जाई. लाल पट्ट्यावर हळद बसली, पिवळ्यावर कुंकू, पांढऱ्यावर दोन्ही. तबकड्यांना झेंडूच्या माळा.

प्लग परत लावायला गेलो, तर तिन्ही एकाच देवीचे भक्त. मी फडकं काढलं. आमचे ड्रायव्हर, जे टेम्पो चालवून तपासायचे, ओरडलेच.

"आवं, पुसताय काय? आज पूजा हाय! देवीचं कुंकू पुसत्यात व्हय?"

"मग ओळखू कसे?"

"काल तर म्हनत हुता, समदे येकच हायेत. मग लावा की कुठलाबी!"

पूर्वी चुकीचा प्लग चुकीच्या भोकात बसायचाच नाही. आता कुठलाही कुठेही झकास बसत होता. यालाच साहेब प्रगती म्हणत होते. मी राहात्याचं स्मरण करून तिन्ही बसवले.

बडे साहेब आले, नारळ फुटला. ड्रायव्हर टेम्पोत बसले.

"दिवे लावा," बडे साहेब म्हणाले.

दिवे लागले आणि वेगाचा काटा चाळिसावर गेला.

"ही गाडी चालू आहे?"

"न्हाई सायेब," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाले, "म्या जाग्यावरच हाय. आईशप्पथ."

"नवी जोडणी फार संवेदनशील आहे," आमचे साहेब म्हणाले.

"ब्रेक दाबा."

ब्रेक दाबला, तर दिव्यांचा काटा शेवटच्या आकड्याला जाऊन थरथरू लागला.

"लई उजेडाचा ब्रेक हाय!" ड्रायव्हर कौतुकानं म्हणाले.

आमचे साहेब माझ्याकडे बघत होते, मी झेंडूकडे. राहात्याची मुलगी मनातल्या मनात कोपरगावला दिली जात होती.

बड्या साहेबांनी प्लग काढून बोट फिरवलं, बोटाचा पिवळा-लाल रंग बघितला. मग गंभीरपणे म्हणाले, "मला एक अभिनव कल्पना सुचते आहे. प्रत्येक प्लगचा आकारच वेगळा केला तर? म्हणजे चूक होणारच नाही."

"वा!" आमचे साहेब म्हणाले. "हे आम्हाला सुचलंच नव्हतं."

तिथंच 'जोडणी भिन्नीकरण समिती' स्थापन झाली. काम मोठं, त्यामुळे पूर्णवेळ चिटणीस हवा. टेंपररी माणसाला समितीचा चिटणीस करता येत नाही, असा नियम निघाला. मी कायम झालो.

पुढच्याच आठवड्यात राहात्याला गेलो. व्यापाऱ्यांनी विचारलं, "आता नेमकं काम काय तुमचं?"

"तीन प्लग एकसारखे होऊ द्यायचे नाहीत."

त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला. मग आत वळून म्हणाले, "पोहे आणा. पेन्शनीचं काम दिसतंय."