मोजणीतला तुकडा

कापडाला कात्री लावण्याआधी सिस्टर कोपरापर्यंत हात धुवायच्या. मग ओले हात तसेच वर धरून हॉलमध्ये यायच्या आणि पंख्याचं बटण कोपरानं बंद करायच्या. ऑपरेशन थिएटरमधली नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण हातांना ते कुणी कळवलं नव्हतं.

पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. त्या सगळ्यांच्याच सिस्टर. घर आमच्या समोरच. शिवायचं मशीन त्यांच्याकडे, पण मोठी फरशी आमच्याकडे. म्हणून कापायला त्या आमच्या हॉलमध्ये येत. दारातूनच बाबांना "जय भीम, काकाजी" म्हणत आणि खुर्ची खिडकीकडे सरकवायला लावत. बाबाही मुकाट्यानं सरकत. आमचं त्यांनी कधी इतकं ऐकलं नाही.

सिस्टर कापड कापत ते बघण्यासारखं असे. खडूनं आखलेले तुकडे एकमेकांना इतके चिकटून बसत की मधे बोटभरही जागा उरत नसे. एक पट्टा तिरपा कापला की कुर्त्याच्या बाजूंना लावायच्या दोन निमुळत्या कळ्या. गळा गोल न कापता त्या नुसता चिरत आणि कोपरे आत दुमडत, कारण गोल गळ्याचा तुकडा वाया जातो. काखेत लावायचा चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, तोही बाहीच्या शेजारून नेमका निघे. शेवटी फरशीवर राहत ते फक्त दोरे. गल्लीतली कुणी गोधडीसाठी चिंध्या मागायला गेली, तर सिस्टरांना जणू अपमान वाटे. "माया घरी चिंध्या भेटत नाई, बाई. दुसरीकडं पाह्यजो."

कापून झालं की मोजणी. "पोट शिवाच्या आधी आमी कापसाचे बोळे मोजत होतो," त्या सांगत. "एक कमी असला तर मोठ्या डॉक्टरलेबी टाका घालू देत नोती मी." हे त्या इतक्या वेळा सांगत, की पुढचं वाक्य बाबाच पुरं करत.

पण या मोजणीमागे आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितली. "माई मोठी बहीण गिरडले राह्यते. तिले आता पोरायची नावं आठवत नाई. मागं माया हातून गॅसवरचं दूध जळलं, तं पोरगी नागपूरवरून धावत आली. तिले वाटते, मायंबी तसंच होऊन राह्यलं. मी म्हटलं, ज्या दिवशी माई मोजणी चुकंल, त्या दिवशी मशीन बंद. मंग घेऊन जाजो मले."

तेव्हापासून त्या मोजायला लागल्या की माझाच जीव वरखाली होई.

त्यानंतर आईची साडी निघाली. आई जाऊन वर्ष उलटलं होतं. अर्ध्या साडीचं तिनंच पूर्वी गोधडीला अस्तर लावलं होतं. पदराकडची अर्धी तेवढी राहिली होती. मला त्या साडीचा कुर्ता हवा होता. बाबांना विचारलं, तर "कापा" म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"हात वर कर," सिस्टर मला म्हणाल्या. "फळ्यावर लिवते तसा." मी शाळेत शिकवते, हे त्या माप घेतानाही विसरत नसत. मग कापलं, मोजलं. दहा तुकडे, म्हणाल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा प्यायलो आणि त्या तुकडे फडक्यात बांधून घरी गेल्या.

संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा हात खाली होते.

"एक चौबगला नाई," त्या म्हणाल्या. "दहा होते ना वं? मी मोजले होते ना?"

त्या मोजत होत्या तेव्हा मी चहा ठेवायला ओट्यापाशी होते. आम्ही दिवाणाखाली पाहिलं, पायपुसणं झटकलं, झाडूचा कचरा चिवडला. त्यांच्या कापण्यात जादा काही नसतंच, त्यामुळे हरवलेल्याची भरपाई कुठून आणणार? पण कुर्त्याचं दुःख मला नव्हतंच. सिस्टर बोटांवर पुन्हापुन्हा मोजत होत्या, ते बघवत नव्हतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "पोरीले फोन लावतो."

त्या गेल्या आणि थोड्या वेळानं बाबा फिरून आले. खुर्चीत बसले, चष्म्याची डबी उघडली, आतून फडकं काढून काचा पुसायला लागले. फडकं आईच्या साडीचं होतं.

"बाबा, हे कुठून आणलं?"

"इथंच पडलं होतं," ते म्हणाले. "तिच्या साडीचं आहे ना?"

आई जवळून जायला लागली की बाबा तिचा पदर धरून चष्मा पुसत. "घरात टॉवेल नाई काय?" म्हणून ती रोज करवादायची आणि पुसून होईपर्यंत रोज थांबायची. हे मी कशी विसरले कोण जाणे.

फडकं जवळजवळ हिसकावूनच मी समोर धावले, एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात बाबांची. सिस्टरांच्या मशीनवर झाकण पडलं होतं. फोन मांडीवर होता, लावलेला नव्हता. त्यांनी तुकडा घेतला, बाकीच्या नऊंशेजारी ठेवला आणि पलंगावर बसून हसत सुटल्या. हसता हसता डोळे पुसले.

"म्हंजे मी बराबर होती!"

"एकदम बरोबर होतात."

मला तर इतकं हलकं वाटलं, की मीही त्यांच्याशेजारी बसून रडून घेतलं.

"पण काकाजीनं काऊन घेतला?" त्यांनी विचारलं. मी पदराचं सांगितलं. त्यांनी तुकडा मांडीवर पसरला आणि त्याच्या कडा बोटानं सरळ केल्या.

कुर्ता आला तेव्हा बाह्या चार बोटं आखूड होत्या. तिथून त्यांनी नवा चौबगला काढला होता.

"आणि उरलेली पट्टी?" मी चिडवलं.

"गळ्याले लावली." मग त्यांनी जुना तुकडा बाबांच्या हातात ठेवला. चारही कडा बारीक दुमडून शिवलेल्या. "काकाजी, हे चिंधी नोय. मोजणीत धरलं आहे."

पुढे त्यांच्या मुलीला बाळ झालं आणि सिस्टर नागपूरला गेल्या. मशीनसुद्धा नेलं. रिक्षात बसताना मला म्हणाल्या, "तिले माई गरज आहे म्हणून जाऊन राह्यली. मले तिची म्हणून नाई. सांगजो गल्लीत."

मी सगळ्या गल्लीत सांगितलं. आता समोरच्या दाराला कुलूप असतं आणि आमची मोठी फरशी नुसती पडून असते. पण रविवारी फोन येतो. मागे बाळ रडत असतं, मशीन चालू असतं. माझं काय चाललंय ते नंतर. आधी बाबांची चौकशी. मग मशीन थांबतं.

"डबीतला तुकडा आहे ना?"

मी बाबांकडे पाहते. ते काचा पुसत असतात.

"आहे, सिस्टर."

"मंग दहा," त्या म्हणतात, आणि मशीन पुन्हा सुरू होतं.