चवन्नी कम साहेब

लखनौमध्ये आलमबागच्या बाजारात पाठ फिरवून चालणारे काका ज्यानं पाहिले नाहीत, त्यानं काका पाहिलेच नाहीत. भेंडीचा भाव विचारायचा, चार आणे कमी सांगायचे, भाजीवाल्यानं मान हलवली की पिशवी उचलून चालू लागायचं. पण चालायचं कसं, तर मागून मारलेली हाक ऐकू येईल अशा बेतानं! आणि हाक यायचीच. "अच्छा आइए बाबूजी, ले जाइए!" सगळा बाजार त्यांना 'चवन्नी कम साहब' म्हणायचा. हे साहेब औषधांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत शास्त्रज्ञ होते, पगार चांगला होता. पण सांगितल्या भावाला वस्तू घेण्यात त्यांना अपमान वाटायचा.

या माणसाकडे मी शेअरबाजार शिकले. हसा, हसा.

पण दुसरं होतं कोण? सत्तरच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. बाबा फौजेत सुभेदार, आम्ही तेलीबागेत भाड्यानं राहायचो, आणि हे मानलेले काका, बाबांचे 'डॉक्टर', मागच्याच गल्लीत. मी कॉलेजात शिकत होते आणि मुलांच्या शिकवण्या घेत होते. ते पैसे आईच्या डब्यात जायचे आणि त्यांतून माझ्या लग्नाच्या पाटल्या व्हायच्या होत्या. मला पाटल्या नको होत्या. मला माझ्या नावावर काहीतरी हवं होतं, मी निवडलेलं. बाबांनी तोडगा काढला, "डॉक्टरांनी पत्र लिहिलं तर घे शेअर. पण माझी बदली होईपर्यंतच. नंतर आई म्हणेल तसं." मुंबईचा दलाल काकांच्या मावसभावाच्या ओळखीचा. तो काकांच्या सहीशिवाय कुणाचं पत्र वाचणार नव्हता. म्हणजे माझी सगळी दोरी काकांच्या हातात.

काकांनी स्वतः किती शेअर घेतले होते? एकही नाही. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "अभी भाव ठीक नहीं है," असं शांतपणे म्हणाले आणि शिकवायला बसले.

शिकवायचे मात्र झकास. मुंबईचं वर्तमानपत्र लखनौला दोन दिवस शिळं होऊन यायचं, ते उलगडून म्हणायचे, "भाव नंतर बघ. आधी सांग, ही कंपनी बनवते काय? तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात, न्हाणीघरात तिचा माल येतो का?" मग वार्षिक अहवाल मागवायचा आणि तो शेवटून वाचायचा, कारण कर्ज मागच्या पानांत असतं. अध्यक्षांचं भाषण वाचू द्यायचे नाहीत. "ते सासरच्या मंडळींसाठी असतं," म्हणायचे. चांगल्या वर्षात लाभांश कुणीही देतो, वाईट वर्षात कुणी दिला ते शोध, म्हणायचे. शेजारचे गुप्ताजी एकदा चहा पिताना कुठल्याशा कंपनीची आतली खबर सांगून गेले. मी हरखले. काका म्हणाले, "गुप्ताजींनी स्वतः घेतलेत ना? मग आता त्यांना गिऱ्हाईक हवंय."

पैसे न लावता नुसती कागदावर खरेदी-विक्री करायला लावली, तीही कित्येक महिने. "आधी कागदावर बुडून बघ," म्हणाले. मी बुडले. चांगली दोनदा बुडले. घाईत घेतलं की काय होतं, घाबरून विकलं की काय होतं, सगळं फुकटात कळलं. मग एका साबणाच्या कंपनीवर माझं मन बसलं. अहवाल शेवटून पहिल्या पानापर्यंत वाचला. काकांनी उलटसुलट प्रश्न विचारले आणि म्हणाले, "पास! लिहू पत्र."

आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

वर्तमानपत्रात भाव अठ्ठावीस. काकांनी लिहिलं, 'सत्तावीसला मिळाल्यास घ्यावेत.' मी म्हटलं, "काका, पेपर शिळा, त्यात पत्र पोचायला आणखी तीन-चार दिवस. तीस लिहा!"

"सांगितल्या भावाला घेतात का गं कुणी? थांब. बोलावतील."

"कोण बोलावणार? मुंबईहून हाक मारणार का तुम्हाला?"

 दलालाचं उत्तर आलं, सौदा झाला नाही. तोवर भाव एकोणतीस. काकांनी नवं पत्र लिहिलं, अठ्ठावीस. पुन्हा तेच. भाव पुढे आणि आम्ही एक रुपया मागे, अशी आमची वरात महिनोन्‌महिने चालली. मी चिडले, रुसले, काकूंकडे तक्रार केली. काकू म्हणाल्या, "अगं, आमचं पलंग घेणंसुद्धा असंच राहिलंय."

शेवटी बाबांच्या बदलीचा हुकूम आला. आईनं सोनाराला निरोप धाडला. मी काकांपुढे अक्षरशः हात जोडले, "एकच तार करा. असेल त्या भावानं घ्या, एवढंच." बरं म्हणाले. रिक्षा करून तारघरात गेलो. त्यांनी फॉर्म लिहिला, मी वाचला, अगदी बरोबर होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला. खिडकीशी पोचलो आणि काकांनी पेन काढून त्यावर 'बत्तीसपेक्षा जास्त नको' असं वाढवलं. भाव होता तेहतीस.

तारबाबू म्हणाला, "साहब, शब्द बढ़ गए, पैसे ज़्यादा लगेंगे."

"लगने दो," काका म्हणाले. भेंडीसाठी चार आणे न सोडणारा माणूस! मी तिथेच रडले.

सौदा झाला नाही. पाटल्या झाल्या.

चारबाग स्टेशनवर काका पोचवायला आले, मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची पेटी घेऊन. तीही चार आणे कमी करूनच आणली असणार. आई-बाबा सामान लावत होते. मी खिडकीतून मनातलं सगळं ओकले. "तुम्हाला घ्यायचेच नव्हते ना? माझे पैसे होते ते, काका. माझे!"

मला वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "भाजीवाला बोलावतो हे मला ठाऊक असतं गं. बाजार बोलावणार नाही, हेही ठाऊक होतं. सौदा झाला नाही असं पत्र आलं ना, की त्या दिवशी मला चांगली भूक लागायची."

मी म्हणणार होते, अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? घाबरायचंच होतं तर स्वतःच्या पैशाला घाबरायचं! पण गाडी हलली, आणि ते खिडकीबरोबर चालत म्हणाले, "शिकवलं ते खोटं नव्हतं, पोरी. फक्त घ्यायच्या वेळी मला विचारू नकोस."

पुढे नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून मी शेअर घेतले. अहवाल शेवटून वाचला, कर्ज पाहिलं, आणि दुसऱ्या एका दलालाला पत्रात लिहिलं, 'असेल त्या भावाने.' सौदा झाल्याचं पत्र आलं त्या रात्री मला घास उतरेना.  असं होतं, हे एवढं मला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला पुरतं माहीत होतं त्यानंसुद्धा नाही. इतका संताप आला की ताटावरून उठले आणि काकांना चार खरमरीत ओळी लिहायला बसले. वर पत्ता घातला, तेलीबाग, लखनौ. 'तीर्थरूप काका' लिहिलं, आणि मग आठवलं, काका जाऊन वर्ष होत आलं होतं. आता भांडायचं कुणाशी?