दार लावलं तं हवा कोंदते

वऱ्हाडातल्या माणसाला एसी कळत नाही असं मी म्हटलं की आमच्याकडचे लोक चिडतात. चिडू देत. आम्हाला कूलर कळतो. पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या लावलेला, चैत्रापासून मृगापर्यंत घरघरणारा. आणि कूलरचा एकच कायदा आहे: दार उघडं ठेवायचं. ओल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर अंगाची चिकचिक होते, गादीसुद्धा दमट लागते. हा कायदा आमच्या हाडीमाशी मुरलाय. माझ्या जरा जास्तच, कारण माझे अब्बा अकोल्यात कूलर बनवायचे.

अब्बा घरात उर्दू बोलत, दुकानात नि चारचौघांत वऱ्हाडी. आई लवकर गेली, तेव्हापासून आम्ही दोघंच. त्यांनी पत्रा कुटून मला मेकॅनिकल इंजिनिअर केलं आणि मला नोकरी लागली ती अमरावतीजवळ, नांदगाव पेठेत, एका कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये. नाव मोठं, खोली लहान. कपाटासारख्या मांडण्यांमध्ये रात्रंदिवस चालणाऱ्या मशिनी. त्यांत दवाखान्यांचे रिपोर्ट, कॉलेजांचे निकाल, बाजारातले कापसाचे नि तुरीचे भाव. ही खोली थंड ठेवायची हे माझं काम. दर शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडायची आणि अकोल्याला जाऊन अब्बांच्या हातची खिचडी खायची, हे दुसरं काम.

ती बोंडअळीची वर्षं होती. खेड्यातलं गिऱ्हाईक कापूस विकला की कूलर घ्यायचं. कापूसच घरी आला नाही तर कूलर कुठला घेतात? अब्बांच्या दुकानासमोर मागच्या साली बनवलेले कूलर तसेच उभे होते. ते रोज त्यांच्यावरची धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "अकोल्यात ऊन हाय तोवर मले मरन नाही." अकोला सोडायचं नाव काढलं की असे बघायचे की पुढचा शब्द तोंडातच राहायचा.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात कंपनीच्या पुण्याच्या साहेबांचा फोन आला. हे साहेब मराठी बोलायला लागले की वाटायचं, आपल्याला कुणी इस्त्री करतंय. म्हणाले, "तुमच्याकडे तापमानाचे अलार्म फारच वाजतायत. जूनपर्यंत बघू. नाहीतर मशीन्स इकडे हलवू. तुम्हाला इथे सामावून घेऊच." सामावून घेऊ म्हणे! मी काय लोणचं आहे, बरणीत सामावून घ्यायला? फोन ठेवला. मी पुण्याला, अब्बा अकोल्याला. खिचडी कोणासाठी टाकतील ते? अब्बांना एवढंच सांगितलं की असं असं म्हणतात. येता का, हे विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

आता अलार्म का वाजतात हेच मला समजत नव्हतं. आमच्याकडे खोलीतली हवा कशी फिरते ते चित्रात दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. आपण खोली काढायची, मांडण्या काढायच्या, एसी कुठे, फरशीला भोकं कुठे ते सांगायचं. एसीची थंड हवा फरशीखालून येते, भोकांतून वर निघते, मशिनी ती पुढून ओढतात आणि गरम करून मागे फेकतात, ती वरून पुन्हा एसीकडे जाते. सॉफ्टवेअर हे सगळं रंगांत दाखवायचं. थंड ते निळं, गरम ते लाल. माझी खोली त्यात अशी निळीशार दिसायची की बघत बसावं. आणि तिकडे दाराजवळच्या मांडणीतल्या वरच्या मशिनी बोंबलत असायच्या. साहेब म्हणायचे, चित्र बरोबर आहे, म्हणजे तुमचं ऊनच वाईट आहे. घ्या! आता ऊनही म्हणे आम्हीच पाडतो.

एप्रिलमध्ये त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. अशा नव्या आवृत्त्या म्हणजे बहुधा जुनीच बटणं नव्या जागी, असा माझा अनुभव. पण ही खरंच वेगळी निघाली. आधी एक चित्र तयार व्हायला अख्खी रात्र जायची, आता चहा होईपर्यंत व्हायचं. दारं, फटी, वायरींसाठी पाडलेली भोकं हे सगळं त्यात घालता यायचं. आणि सगळ्यात भारी म्हणजे खोलीतल्या तापमापकांचे खरे आकडे त्याला दिले, की चित्र आणि खोली कुठे जुळत नाही तिथे ते स्वतःहून गोल काढायचं.

मी आकडे दिले. गोल निघाला थेट दारावर.

मी उठून खोलीत गेले. दार बंद. परत आले, पुन्हा चालवलं. पुन्हा गोल दारावर. "याचं डोकं फिरलंय," मी मोठ्यानं म्हटलं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दोन-तीन दिवस माझं हेच चाललं होतं. दार बघायचं, ते बंद असायचं, आणि शिव्या घालायच्या.

त्या शनिवारी अब्बा अमरावतीला कूलरच्या मोटारी घ्यायला आले आणि डबा घेऊन थेट माझ्याकडे. मी त्यांना मशिनी दाखवायला खोलीत नेलं. आमचा टेक्निशियन आत होता. चांदूर बाजारकडचा, दोन लेकरांचा बाप, कामाला वाघ. अब्बा जरा वेळ उभे राहिले, गळ्याचं बटण सोडलं आणि म्हणाले, "बाप्पा! दार लावून काहून बसले? हवा कोंदून राहिली न." आणि दार उघडलं, कोपऱ्यातून एक वीट उचलली आणि दाराला लावली. अगदी घरच्यासारखी.

मी ओरडणार होते. पण ओरडायच्या आधी डोक्यात आलं, या खोलीत वीट कुठून आली?

टेक्निशियन शांतपणे म्हणाला, "मॅडम, वीट तं रोजचीच हाय. आमी आत काम करून राहिलो तं दार उघडं ठेवतो. दार लावलं तं हवा कोंदते."

"मग मी येते तेव्हा दार बंद कसं असतं?"

तो लाजला. "तुमी आल्यावर बरं दिसते का, मॅडम? साहेब लोक आले की वीट बाजूले सारतो."

अब्बांनी मान डोलावली. "बराबर हाय त्याचं. मानपान पाहिजेच न."

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या पाळ्यांत हाच प्रकार. दाराचा भोंगा वाजत राहतो म्हणून त्याची वायरसुद्धा कुणी तरी कधीच काढून ठेवलेली. मशिनींना उकडू नये म्हणून आमची माणसं प्रेमानं दार उघडं ठेवत होती, आणि माझा मान राखायला प्रेमानंच बंद करत होती. हे पुण्याच्या कुठल्या तज्ज्ञाला सापडलं असतं?

मी दोघांना माझ्या टेबलाशी बसवलं आणि चित्रात दार वीतभर उघडं केलं. चहा आला, चित्रही आलं. दाराच्या खालच्या अंगानं निळी हवा बाहेर पळत होती आणि वरच्या अंगानं व्हरांड्यातली लाल हवा आत घुसत होती, सरळ त्या बोंबलणाऱ्या मशिनींवर. टेक्निशियन म्हणाला, "अरे बाप रे, आमीच भाजून राहिलो का त्याइले?"

अब्बा मात्र ऐकेनात. आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरलं ते असं चहाच्या एका कपात सोडून देतात का? "गरम हवेले जायले वाट पाहिजे," त्यांचा हेका. मी दार बंद केलेलं चित्र दाखवलं. गरम हवा मागून वर जाते, छताखालून एसीकडे जाते, हीच तिची वाट. त्यांनी पुन्हा दाखवायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे इथं वाट आतल्या आत हाय. असं सांगाव न सुरवातीले." जसं काही मी लपवून ठेवलं होतं!

चित्रात अजून एक गोष्ट दिसली. मांडण्यांमधल्या रिकाम्या खणांतून मागची गरम हवा पुढे येत होती. ते खण झाकायच्या पट्ट्या पुण्याहून मागवायच्या म्हणजे जून तिथेच उजाडला असता. अब्बा म्हणाले, "माप दे." पुढच्या आठवड्यात अकोल्याहून पट्ट्या आल्या, कडा दुमडलेल्या, रंग दिलेल्या. वीट आम्ही कंपाउंडबाहेर नेऊन टाकली. टेक्निशियननं दाराचा भोंगा पुन्हा जोडला आणि सगळ्यांना दम दिला, "मॅडम असो का साहेब असो, दार बंद म्हंजे बंद."

मे महिना नेहमीसारखाच तापला. डांबर मऊ झालं, कुत्री नळाखाली जाऊन बसली. खोलीतला अलार्म एकदाही वाजला नाही. महिनाअखेरीस साहेबांनी खरे आकडे आणि चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. मग फोनवर म्हणाले, "मशीन्स तिथेच राहू देत. उलट अजून एक रांग पाठवतो." मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसल्या बसल्या टेक्निशियनला अशी टाळी दिली की त्याचा हात झिणझिणला असेल.

अब्बांना हे फोनवर सांगायचं नव्हतं. मला त्यांचं तोंड बघायचं होतं. दुपारच्या गाडीनं अकोल्याला गेले. अब्बा दुकानासमोर पत्र्याला भोकं पाडत होते, शेजारचा बॅटरीवाला स्टुलावर बसून चहा पीत होता.

"अब्बा, मशिनी पुण्याला जात नाहीत. मी पण नाही जात."

त्यांनी हातोडी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही. बॅटरीवाल्याला म्हणाले, "भाऊ, त्या मोबाईलवाल्याले सांगजा, दुकान खाली होऊन नाही राहिलं. त्यानं दुसरीकडं पाहून घ्यावं म्हना."

"कोणतं दुकान?" मी विचारलं.

"हेच न पोरी," बॅटरीवाला म्हणाला. "जूनपासून सोडून राहिले होते न तुये अब्बा. पुन्याले जातो म्हने, पोरगी एकटी काय खाईन तिथं."

मी तिथेच, भर रस्त्यावर, त्या पत्र्याच्या तुकड्यांत उभी राहून ढसाढसा रडले. अकोला सोडायचं नाव काढलं की डोळे वटारणारा माझा बाप. जन्मभराचं दुकान त्यानं माझ्यासाठी सोडायला काढलं होतं, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं.

"पुण्यात कूलर कोण घेतं, अब्बा?" मी रडत रडतच त्यांच्यावर ओरडले.

"कोनी तं घेतलाच असता," ते हातोडी उचलत म्हणाले. "ऊन तं तिथंबी पडते न."