दगडाचा कसूर

भिजवलेल्या चुन्याचा वास आला की मला सिंधुदुर्गाचा तट आठवतो. भूकंपानंतर आमच्याकडं लोक म्हणायचे, दगडानं माणसं मारली. दगडाचं काम बंद झालं. पाथरवट असलेले माझे अब्बा सिमेंटची पोती उचलू लागले, आणि लातूरच्या क्लासच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय मी ‘मजुरी’ लिहिला. त्याच वर्षी क्लासची सहल समुद्रातल्या या किल्ल्यावर गेली, सोबतीला पालक म्हणून अब्बा आले. “तटाच्या पायात शिसं ओतलंय, तीनशे वर्षांवर लाटा झेलतोय,” वाटाड्या सांगत होता. बाजूला डागडुजीचा चुना भिजत होता. अब्बांनी तो चिमटीत घासून पाहिला, मग बोटाच्या गाठीनं एकेक दगड वाजवत थेट बुरुजापर्यंत गेले. परतले ते ताठ मानेनं. सगळ्या पोरींसमोर म्हणाले, “दगडाचा कसूर न्हवता. आमच्या भिंतींत नुसती माती भरली व्हती.” वाटाड्यानं विचारलं, “तुम्ही कोण?” “पाथरवट हाय मी.” लातूरला उतरल्यावर मी क्लासमधून अर्ज मागून घेतला आणि ‘मजुरी’ खोडून तोच शब्द लिहिला. आज मी इंजिनियर आहे. इमारतीच्या कागदावर सही करण्याआधी माझ्या बोटाची गाठ भिंतीवर वाजतेच.