निःस्वार्थ पेटीवाला

माझ्याइतक्या शाली अख्ख्या अमेरिकेत कुणाकडे नसतील. श्रूजबरीच्या थंडीत मी घरालाच शाल पांघरू शकलो असतो, आणि उरलेल्या शाली चर्चच्या घुमटाला पुरल्या असत्या. मी पेटी वाजवतो. गणपती, पाडवा, कुणाची एकसष्टी. पुढे गाणारा कुणीही असो, बाजूला मी. कार्यक्रम संपला की शाल, नारळ आणि एक पाकीट. पाकीट खिशात कोंबताना देणारा हमखास म्हणणार, "काका, गॅससाठी हं!" गॅस म्हणजे इकडे गाडीचं पेट्रोल. तेवढ्या गॅसवर मी चंद्रावर जाऊन परत आलो असतो. प्रत्यक्षात त्यातूनच घरभाडं जायचं आणि तांदूळ यायचे. मानधन हा शब्द कुणी काढला नाही. मीही नाही. आपल्याकडे कलाकार पैशाचं बोलला की त्याचा सूरच उतरतो म्हणे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी उठलो, तर उजव्या हाताची दोन बोटं तळव्याला चिकटलेली. जणू रात्रभर मी कुणाशी तरी कुस्ती खेळत होतो आणि हरलो होतो. डॉक्टरीण म्हणाली, "लवकर ऑपरेशन केलं तर सरळ होतील. उशीर केलात तर अशीच राहतील." तिने तारीखही दिली. माझा विमा म्हणजे चाळणीची छत्री. पदरचे किती भरायचे ते ऐकून उरलेली बोटंही वाकायला आली.

एका विद्यार्थिनीच्या आईने अडचणीतल्या कलाकारांना तातडीची ग्रँट देणारा एक फंड शोधून दिला. अट एकच: कलेवरच तुमचं पोट चालतं, असं तुम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेने लिहून द्यायचं.

माझे बहुतेक कार्यक्रम इथल्या मराठी मंडळाचे, म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. नागपूरची पोर, माझ्या निम्म्या वयाची, दिवसा सॉफ्टवेअर आणि संध्याकाळी मंडळ.

"काका, टेन्शनच घेऊ नका. असं लेटर लिहिते ना, की रडतील ते!"

"अगं, रडू नकोत, पैसे देऊ देत. तुम्ही मला पैसे देता, एवढंच लिही."

"शी, काका! तुमच्याबद्दल असं लिहू मी? घरचे आहात तुम्ही."

घरच्या माणसालाही घरभाडं असतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण एरवी घोड्यासारखी उधळणारी माझी जीभ तेव्हा नेमकी पेंड खात बसली. तिने पत्र परस्पर पाठवून दिलं.

फंडातल्या बाईंचा फोन आला. आवाज मायाळू होता, तिथेच मी नकार ओळखला.

"फार सुंदर पत्र आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यात लिहिलंय, की तुम्ही वर्षानुवर्षं एक डॉलरही न घेता निःस्वार्थ सेवा करताय. आमची मदत व्यावसायिक कलाकारांसाठी आहे."

मी पाकिटांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "काही पावती, बँकेतली नोंद?" नारळाची पावती कोण देतं, बाई?

"दुसरं पत्र आणलं तर?"

"पहिल्याच्या बरोबर उलट लिहिलेलं? कमिटीला ते कसं दाखवू मी?"

त्यांचंही खरंच होतं.

संध्याकाळी अध्यक्षीणबाईंचा फोन. "मिळाली ना ग्रँट, काका?"

आयुष्यभर मी हत्तीएवढ्या थापा मारल्या. ही मुंगीएवढी होती. "मिळाली," म्हटलं. "तुझं पत्र वाचून बाई ढसाढसा रडली."

"बघा! आणि आम्ही वर्गणी काढणार होतो. आज ग्रुपवर टाकणारच होते. आता कॅन्सल करते. तुम्हालाच ऑकवर्ड झालं असतं ना?"

"झालं असतं," मी म्हणालो.

"आणि हॉस्पिटलात असाल तोवर डबा आमच्याकडून हं. तारीख तेवढी कळवा."

तारीख मी दुपारीच कॅन्सल केली होती.